अपडेटच्या रांगेत पहिला नंबर कुणाचा?

विशेष प्रतिनिधी, उल्हासनगर

बदलापूर ते मुंबई सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर. सकाळच्या लोकलमध्ये उभे राहायला जागा मिळाली, की अंबरनाथ आणि उल्हासनगरची गर्दी आत शिरण्यापूर्वीच हातातील मोबाइल बाहेर निघतो. पूर्वी या गाडीत क्रिकेट, राजकारण आणि ब्लॉक यांवर चर्चा रंगत. आता तीत आणखी एका विषयाची भर पडली आहे. नवी आवृत्ती कुणाच्या फोनवर आली, कुणाच्या फोनवर अजून आली नाही आणि ती आधी मिळवण्याचा मार्ग कोणता, याची. वरकरणी हा हौशी तरुणांचा छंद वाटतो. परंतु याच फोनमध्ये रेल्वेचा पास, बँकेचे खाते, आधारशी जोडलेला क्रमांक आणि कार्यालयातील हजेरी असते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा प्रश्न हौसेपुरता उरत नाही.

स्मार्टफोनची ऑपरेटिंग सिस्टीम सर्वांसाठी खुली होण्यापूर्वी काही लोकांना वापरायला देण्याची पद्धत जुनीच आहे. पूर्वी ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपुरती मर्यादित होती. अ‍ॅपलने मार्च २०१५ मध्ये आयफोनची चाचणी आवृत्ती, म्हणजेच बीटा, सामान्य ग्राहकांसाठी खुली केली. गुगलने २०१६ मध्ये अँड्रॉइडसाठी तशीच योजना आणली. जून २०२३ पासून तर अ‍ॅपलची, एरवी वार्षिक शुल्क भरणाऱ्या डेव्हलपरांनाच मिळणारी, अगदी सुरुवातीची आवृत्तीही नोंदणी केलेल्या कुणालाही विनामूल्य मिळू लागली. सॅमसंगने डिसेंबर २०२४ मध्ये ‘वन यूआय ७’च्या चाचणीसाठी जे मोजके देश जाहीर केले, त्यांत भारताचाही समावेश होता. थोडक्यात, रांगेत पुढे जाण्यासाठी आज ओळख लागत नाही की पैसेही लागत नाहीत. सेटिंग्जमध्ये चार बटणे दाबली की काम होते. प्रश्न आहे तो पुढे जाऊन मिळते काय, आणि त्याच्या बदल्यात द्यावे लागते काय, याचा.

बीटा घेणाऱ्याला खरोखर काही मिळाले, असे भारतातील सर्वांत ठळक उदाहरण २०२२च्या अखेरीचे आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सेवेचे उद्घाटन झाले. जिओ आणि एअरटेल या दोन्ही कंपन्यांच्या पहिल्या शहरांच्या यादीत मुंबईचे नाव होते. या तिन्ही शहरांतून रोज मुंबईत जाणाऱ्या नोकरदारांच्या कार्यालयांवर ५जीचे जाळे पसरू लागले होते. मात्र लाखाच्या घरात किंमत असलेल्या आयफोनवर ते चालत नव्हते. फोनच्या आत ५जीची यंत्रणा होती, पण भारतीय जाळ्यासाठी ती सॉफ्टवेअरने उघडायची राहिली होती. सॅमसंगच्या काही फोनचीही तीच गत होती. अखेर केंद्र सरकारने फोन कंपन्या आणि दूरसंचार कंपन्यांना बोलावून, ५जीच्या अपडेटला प्राधान्य द्यावे, असे सांगितले. सॅमसंगने नोव्हेंबरच्या मध्याचा वायदा केला. अ‍ॅपलने डिसेंबरचा केला. आणि नोव्हेंबरच्या प्रारंभी, ‘आयओएस १६.२’च्या बीटामधून, जिओ आणि एअरटेलच्या ज्या ग्राहकांची चाचणीत सामील होण्याची तयारी होती, त्यांना ५जी आधी मिळाले. बाकीच्यांसाठी हे अपडेट १३ डिसेंबर २०२२ रोजी आले.

सुमारे पाच आठवड्यांचा हा फरक. त्यासाठी अनेकांनी आपला एकुलता एक फोन चाचणीच्या आवृत्तीवर नेला. परळच्या कार्यालयात ५जीची अक्षरे पडद्यावर उमटली, हे खरे. संध्याकाळी बदलापूरला उतरल्यावर ती दिसत होती का, हा प्रश्न अलाहिदा.

या सौद्याची दुसरी बाजू कंपन्यांनी लपवलेली नाही, हेही नमूद केले पाहिजे. चाचणीची आवृत्ती रोजच्या कामाच्या फोनवर टाकू नये, असे अ‍ॅपल स्वतःच सांगते. गुगलही चुकांची शक्यता आधीच कबूल करते. तथापि ही सूचना गृहीत धरते, की माणसाजवळ दुसरा फोन आहे. कॅलिफोर्नियातील अभियंत्याजवळ तो असतो. अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळी संपवून घरी निघालेल्या कामगाराजवळ तो नसतो.

प्रस्तुत प्रतिनिधीने हा अनुभव स्वतः घेतला आहे. उत्सुकतेपोटी बीटा टाकल्यावर दोन दिवस सारे सुरळीत चालले. तिसऱ्या दिवशी सकाळी बँकेच्या अ‍ॅपने, हा फोन सुरक्षित नाही, असा निरोप दाखवून आपले दार लावून घेतले. त्याच आठवड्यात पास संपला होता आणि खिशात रोख जेमतेम वीस रुपये होते. अंबरनाथच्या तिकीट खिडकीवर ओळखीच्या एका सहप्रवाशाकडून उसने पैसे घ्यावे लागले. दोष बँकेचा म्हणता येत नाही. ज्या आवृत्तीची पूर्ण तपासणी झालेली नाही, तिच्यावर व्यवहार करू न देणे, ही सावधगिरीच म्हणायची. परंतु हे गणित आधी कुणी समजावून सांगत नाही.

त्याहून अवघड आहे तो परतीचा रस्ता. अँड्रॉइडच्या बीटामधून मध्येच बाहेर पडून जुन्या आवृत्तीवर जायचे, तर फोनमधील सारी माहिती पुसली जाते. अंतिम आवृत्ती येईपर्यंत थांबून मग बाहेर पडले, तरच ती वाचते. आयफोनला मागे नेण्यासाठी संगणक लागतो आणि बीटावर असताना घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर चालत नाही. त्यामुळे बीटा टाकण्यापूर्वी संगणकावर वेगळा बॅकअप घेऊन ठेवणे, हीच शहाण्याची रीत. घरात संगणक नसलेल्यांनी काय करायचे, याचे उत्तर मात्र कुठल्याही सूचनापत्रात सापडत नाही.

स्वस्त फोनला पहिला मान

आज लवकर अपडेट म्हटले, की महागडे फोन डोळ्यांसमोर येतात. एके काळी मात्र हा मान स्वस्त फोनला देण्याचा प्रयोग झाला होता आणि तोही भारतातच. १५ सप्टेंबर २०१४ रोजी गुगलने दिल्लीत ‘अँड्रॉइड वन’ची घोषणा केली. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या तीन भारतीय कंपन्यांचे फोन, किंमत ६,३९९ रुपयांपासून, आणि अपडेट देण्याची जबाबदारी थेट गुगलची. त्या काळी अपडेट उतरवून घ्यायचे म्हणजे डेटाचा खर्च. म्हणून एअरटेलचे सिमकार्ड असणाऱ्यांना पहिले सहा महिने अपडेटसाठी डेटा मोफत ठेवण्यात आला होता. कल्पना उत्तम होती. लॉलिपॉप आणि मार्शमेलो या पुढच्या दोन्ही आवृत्त्या या स्वस्त फोनवर पोहोचल्याही. तरीसुद्धा योजना बाजारात रुजली नाही. सुरुवातीला हे फोन फक्त ऑनलाइन विकले गेले. त्यामुळे दुकानदार नाराज झाले. आणि दुकानात आलेल्या ग्राहकाला कॅमेरा दाखवता येतो, मेमरी दाखवता येते. दोन वर्षांनी येणारे अपडेट काउंटरवर ठेवून दाखवता येत नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अपडेटचा वाद न्यायालयातही गेला. वनप्लस कंपनीचा पहिला फोन सायनोजन या प्रणालीवर चालत होता. सायनोजनने भारतापुरता विशेष करार मायक्रोमॅक्सशी केला आणि वनप्लसच्या भारतीय ग्राहकांना अपडेट मिळणार की नाही, हाच प्रश्न उभा राहिला. दिल्ली उच्च न्यायालयाने विक्रीला मनाई केली. काही दिवसांतच खंडपीठाने ती तात्पुरती उठवली. फोन आपण विकत घेतो, पण त्यातील प्रणालीवर आपला हक्क किती, याची जाणीव त्या प्रकरणाने अनेकांना पहिल्यांदा झाली.

‘अँड्रॉइड वन’चे नाव पुढे शाओमीच्या ‘मी ए’ मालिकेने पुन्हा गाजवले. मात्र वर्ष २०२१ उजाडत असतानाच ‘मी ए३’साठी आलेल्या अँड्रॉइड ११च्या अपडेटने अनेक फोन बंद पाडले. कंपनीला वितरण थांबवावे लागले आणि बिघडलेले फोन सेवा केंद्रांत मोफत दुरुस्त करून द्यावे लागले. हे बीटा नव्हते. ही सर्वांसाठी काढलेली अंतिम आवृत्ती होती. त्या वेळी जो रांगेत मागे होता, त्याचा फोन वाचला.

उशीर का होतो?

अपडेट उशिरा येते, याचे खापर सरसकट आळसावर फोडले जाते. ते पूर्णतः खरे नाही. गुगलने अँड्रॉइडची नवी आवृत्ती खुली केली, की प्रोसेसर बनवणारी कंपनी ती आपल्या चिपशी जुळवून घेते. फोन कंपनी तीवर आपला साज चढवते. मग चाचण्या होतात, काही ठिकाणी मोबाइल सेवा देणारी कंपनीही तपासणी करते, आणि त्यानंतर अपडेट सोडले जाते तेही टप्प्याटप्प्याने. आधी थोड्या फोनवर, तक्रारी आल्या नाहीत तर अधिक फोनवर. एप्रिल २०२५ मध्ये ‘वन यूआय ७’चे वितरण असेच सुरू झाले आणि कोरियातील काही फोन अनलॉक होत नसल्याच्या तक्रारींनंतर काही दिवस थांबवावे लागले. टप्पे नसते, तर नुकसान किती पसरले असते, याची कल्पना करता येते.

सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा मामला याहून वेगळा आहे. अँड्रॉइडमधील त्रुटींची माहिती गुगल फोन कंपन्यांना, ती जाहीर करण्याच्या किमान एक महिना आधी देते. म्हणजे लवकर मिळण्याची खरी सवलत कंपन्यांना आहे. ग्राहकाच्या फोनपर्यंत दुरुस्ती त्या महिन्यात पोहोचते, की सहा महिन्यांनी, की कधीच नाही, हे कंपनी आणि फोनची किंमत यांवर ठरते. त्रुटी जाहीर झाली, की ती चोरांनाही कळते. भारताची ‘सर्ट-इन’ ही संस्था वेळोवेळी इशारे देते आणि अपडेट करून घ्यावे, असे सांगते. ज्या फोनला अपडेटच येत नाही, त्याच्या मालकाने या इशाऱ्याचे काय करावे?

या पोकळीतच बाजार उभा राहतो. फाळणीनंतर विस्थापितांनी लष्करी छावणीच्या बराकींतून वसवलेल्या उल्हासनगरात दुरुस्ती आणि व्यापार या गोष्टी अंगवळणी पडलेल्या आहेत. मोबाइल दुरुस्तीच्या कुठल्याही काउंटरवर ‘सॉफ्टवेअर मारून देणे’ हा शब्दप्रयोग ऐकू येतो. बंद पडलेला फोन मूळ कंपनीच्या फाइलने पुन्हा सुरू करणे, हे कसबाचे काम आहे आणि त्याची गरजही आहे. धोका आहे तो लवकर मिळवण्याच्या नादात दुसऱ्या देशासाठीची किंवा कुठून तरी उतरवलेली फाइल फोनमध्ये भरण्यात. कंपनीचे कुलूप तोडून, म्हणजे बूटलोडर उघडून असे केले, की बँकेची अनेक अ‍ॅप चालत नाहीत, वॉरंटीचा वाद उद्भवतो, आणि त्या फाइलमध्ये आणखी कुणी काय घालून ठेवले आहे, हे दुकानदारालाही सांगता येत नाही.

दुसऱ्या टोकाला अपडेटला घाबरणारे लोकही तितकेच आहेत. अपडेट केले आणि पडद्यावर हिरवी रेघ उमटली, अशा तक्रारी गेल्या काही वर्षांत देशभरातून आल्या. रेघेचे कारण अपडेटच होते, हे सिद्ध झालेले नाही. तरी सॅमसंगने २०२४ मध्ये भारतात काही जुन्या मॉडेलचे पडदे एकदा मोफत बदलून दिले आणि वनप्लसनेही पडद्याची हमी वाढवली. परंतु अपडेट करूच नये, हा सल्ला एकदा मोहल्ल्यात पसरला, की तो मागे घेणे कठीण. आधी मिळवणारे आणि मुळीच न घेणारे, अशी ही दोन टोके एकाच डब्यात शेजारी बसून प्रवास करतात.

महागड्या फोनचे चित्र सुधारले आहे. गुगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ला सात वर्षांच्या अपडेटचे वचन दिले. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळेल, हे विक्रीच्या वेळी जाहीर करणे बंधनकारक झाले. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून, मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट देण्याची अट घातली. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकाचा अहवाल दिला. फोन किती सहज दुरुस्त होतो, याला गुण देताना सुटे भाग आणि अवजारांबरोबर सॉफ्टवेअर अपडेटही मोजावे आणि हे गुण वेष्टनावर तसेच विक्रीच्या ठिकाणी दिसावेत, अशी त्यात शिफारस आहे. बीटाच्या बातम्यांच्या गदारोळात या अहवालाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

तूर्त ग्राहकाच्या हाती एक छोटी तपासणी आहे. वापरलेला फोन घेताना कॅमेरा आणि बॅटरी पाहून झाली, की सेटिंग्जमध्ये अँड्रॉइडची सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेची आहे, तेही पाहावे. तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल आणि ‘अपडेट तपासा’ दाबल्यावर, फोन अद्ययावत आहे, असे उत्तर येत असेल, तर त्या फोनची रांग कधीच संपलेली आहे. दुकानदाराशी भावाची घासाघीस करायची, ती हा पडदा त्याच्यासमोर धरून करावी.