ईएमआयवरचं आकाश

परवा लंच टाइममध्ये ऑफिसातल्या एका मित्राने डबा उघडायच्या आधीच विचारलं, 'तुझ्या ओळखीत कुणी पायलट आहे का रे?' आता आपल्या ओळखीत कोण असतं? इन्शुरन्सवाला, टॅक्सवाला, फार तर एखादा डीजे. पण एक पायलट आहे खरा. त्याची गोष्ट पुढे येतेच.

तर या मित्राच्या मामाचा मुलगा कासूला राहतो. कासू कुठं म्हणून विचाराल तर दिवा-रोहा मेमू पकडायची, पेणनंतरचं स्टेशन. त्याच्या पुढे नागोठणं. पोरगा पेणच्या कॉलेजात एस.वाय. बी.एस्सी.ला आहे, फिजिक्स घेऊन. त्याला पायलट व्हायचंय. यात काही बिघडलं नाही, विशीत सगळ्यांनाच काहीतरी भन्नाट व्हायचं असतं. बिघडलं ते हे, की मामांनी त्यासाठी दीड एकर काढायचं जवळपास ठरवलंय. २०२५च्या डिसेंबरात नवी मुंबईहून विमानं उडायला लागली, तेव्हापासून एजंट लोक मामांच्या ओटीवर येऊन बसतात. विमानतळामुळे जमिनीला भाव आणि जमिनीच्या पैशात पोरगा विमानात. स्टोरी एकदम फिल्मी! म्हणून रविवारी आम्ही दोघं कासूला गेलो, इंटरव्हलनंतरचा भाग तपासायला.

मामींनी तांदळाची भाकरी आणि जवळा वाढला. पोट भरल्यावर मी लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशेब मांडला.

कमर्शियल पायलट लायसन्सला, म्हणजे सीपीएलला, डिग्री लागत नाही. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, वय अठरा पूर्ण, मेडिकल, डीजीसीएचे पेपर आणि २०० तासांचं फ्लाइंग. त्यातले १०० तास तुम्ही 'पायलट इन कमांड', म्हणजे शेजारी सर नाहीत, आपला जीव आपल्या हातात. रायबरेलीजवळच्या सरकारी अकादमीतही फी ४५ लाखांच्या घरात आहे. भागिले २०० केलं तर तासाला साडेबावीस हजार! मामा म्हणाले, 'एका तासात आमची पेरणी-कापणी सगळी झाली.'

आणि ४५ लाखांवर गाडी थांबत नाही. २०० तास ज्यावर होतात ती सेसनासारखी छोटी विमानं. एअरबस चालवायची तर त्या विमानाचं वेगळं टाइप रेटिंग, त्याचे आणखी पंधरा-वीस लाख. कंपनीने घेतल्यावर ती करवते किंवा तुम्ही आधीच स्वतःच्या खिशातून करता. वर हॉस्टेल. कोकणातल्या माणसाला पावसाबद्दल मी काय सांगणार, पण ढग खाली आले की शिकाऊ विमानं जमिनीवर आणि मेस मात्र चालू. 'वर्षात सीपीएल' हे ब्रोशरमध्ये छान दिसतं. पाऊस, विमानांचा मेन्टेनन्स, इन्स्ट्रक्टरची वाट बघणं हे सगळं धरून दोन वर्षं हाताशी ठेवावीत.

'मग लोन घेऊ की,' पोरगा म्हणाला. घे ना. एज्युकेशन लोन साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते. फ्लॅट चालतो, एफडी चालते. शेतजमीन म्हटली की बहुतेक बँकांचे साहेब चहा मागवतात आणि विषय बदलतात. कारण कर्ज बुडालं तर सरफेसी कायद्याखाली बँकेला शेतजमिनीला हात लावता येत नाही. म्हणजे शहरातल्या मुलाचा बाप फ्लॅट गहाण टाकतो, कर्ज फिटलं की कागद परत घरी. कासूच्या बापाला जमीन थेट विकावीच लागते, आणि विकलेली परत येत नाही. याच पेण तालुक्यातल्या २२ गावांत २००८च्या सप्टेंबरात सेझसाठी जमीन द्यायची का यावर सरकारने शेतकऱ्यांचा कौल घेतला होता, आणि लोकांनी ठाम नकार दिला होता. सेझला नाही म्हणणारी माणसं पोराला मात्र नाही म्हणू शकत नाहीत.

तारण मिळालंच असं धरू. ४० लाख, ११ टक्के, १० वर्षं. हप्ता महिना ५५ हजार. नोकरी लागली तर पायलटच्या पगारात तो आरामात बसतो. त्या 'लागली तर'वर मी पेनाने दोनदा गोल केला.

आता तो माझा पायलट. कॉलेजचा मित्र, २००९मध्ये सीपीएल घेऊन आला. सही पर्सनॅलिटी, रे-बॅन वगैरे. आणि बाजार बसलेला. पुढची काही वर्षं हा पठ्ठ्या रात्री कॉल सेंटरमध्ये अमेरिकन लोकांची क्रेडिट कार्डं सांभाळायचा. मधेच २०१२मध्ये किंगफिशर बंद पडली, म्हणजे आधीच अनुभव असलेले पायलट त्याच रांगेत त्याच्या पुढे उभे. सगळ्यात बेकार म्हणजे लायसन्स कपाटात ठेवून चालत नाही. मेडिकल पुन्हा पुन्हा, इन्स्ट्रुमेंट रेटिंग पुन्हा पुन्हा, ताजे तास उडवावे लागतात, म्हणजे नोकरी नसतानाही पैसे भरत राहायचं. आज तो कॅप्टन आहे, मस्त चाललंय. पण त्या वर्षांबद्दल विचारलं की अजून विषय बदलतो. नंतर २०१९मध्ये जेट गेली, २०२३मध्ये गो फर्स्ट. त्याच २०२३मध्ये इंडिगोने एका झटक्यात ५०० विमानांची ऑर्डर दिली, आणि २०२५च्या डिसेंबरात वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले तर त्याच इंडिगोच्या हजारो फ्लाइट्स रद्द झाल्या, माणसं पुरेनात. या धंद्याची हवा अशी आहे. तुम्ही लायसन्स घेऊन बाहेर पडाल त्या दिवशी ती कशी असेल, हे कुठलाही काउन्सेलर सांगू शकत नाही.

मग काय, बी.एस्सी. करून बँकेची परीक्षा द्यायची? मी असं अजिबात म्हणालो नाही. मी म्हणालो, क्रम बदल. महाग गोष्ट शेवटी.

सगळ्यात आधी मेडिकल. पुष्कळ मुलं साधं क्लास टू करून फ्लाइंग सुरू करतात, निम्मे पैसे गेल्यावर क्लास वनला अडकतात. लायसन्सला क्लास वनच लागतं, तर ते जमीन जागेवर असतानाच करून घे. चष्मा असला म्हणून कुणी लगेच बाद होत नाही, रंग ओळखण्यात गडबड निघाली तर मात्र पंचाईत. खर्च हजारांतला.

मग डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर काढ. त्यासाठी बोर्डाकडून मार्कशीट पडताळून घ्यावी लागते, त्यात वेळ जातो. मग पेपर: नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल. पासिंग ७० टक्क्यांना, त्यामुळे आपलं युनिव्हर्सिटीचं 'चाळीस आले, सुटलो' इथे चालत नाही. पण हे सगळं कॉलेज करता करता, मेमूत बसून होतं. विमानाला हात लावायच्या आधी निम्मी लढाई जिंकता येते, किंवा हरता येते. हरलास तरी पुस्तकांचे पैसे गेले, दीड एकर नाही.

डिग्री सोडू नकोस हेही सांगितलं. फ्लाइंगला धुळ्याला, बारामतीला किंवा गोंदियाला जावं लागलं आणि कॉलेज जमेना, तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे. मुंबई विद्यापीठाचा बी.एस्सी. एव्हिएशनही आहे, जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये. जेआरडी टाटांनी १९२९मध्ये लायसन्स घेतलं तो हाच क्लब. पण डिग्रीची फी वेगळी आणि उडायची वेगळी, हे प्रवेशाच्या आधी विचारायचं.

आणि एक. २०२१मध्ये महाज्योतीने ओबीसी आणि भटक्या-विमुक्त मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये मोफत सीपीएलची योजना आणली होती. जागा २०. अख्ख्या महाराष्ट्राला वीस, म्हणजे लॉटरीच. पण या लॉटरीचं तिकीट फुकट आहे, पुन्हा जाहिरात येते का यावर लक्ष ठेवायचं. अनुसूचित जातीच्या मुलांसाठीच्या केंद्राच्या टॉप क्लास स्कॉलरशिपमध्येही सीपीएल बसवलेलं होतं, वर्षाला ३ लाख ७२ हजारांपर्यंत. पुरत नाही, पण हप्त्यातून तेवढे वजा.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'म्हणजे आता लगेच काही विकायला नको?' पोराचा चेहरा पडला होता. त्याला वाटलं मी त्याचं विमान पाडलं. स्टेशनवर सोडायला आला तेव्हाही फारसा बोलला नाही. मेमू सुटताना मात्र खिडकीशी आला. 'दादा, ते क्लास वन कुठं करायचं म्हणालात?'