रीसेट करण्यापूर्वी सेटिंग लिहून घ्या

गोंदियात कपड्याचा धंदा करणाऱ्याचे फोनशिवाय भागत नाही. माल सुरत, भिवंडी, मालेगावचा आणि गिऱ्हाईक आमगाव, देवरीपासून थेट बालाघाटपर्यंतचे. त्यामुळे इंटरनेटवरून साधा फोन चालविणारा अडॅप्टर काही दुकानांत आला. लहानशी डबी, एकीकडे इंटरनेटची तार, दुसरीकडे आपला जुनाच फोन.

ही डबी दोन प्रकारची असते. एक कंपनीने बांधलेली, दुसरी खुली, म्हणजे अनलॉक. खुल्या डबीत आपल्या पसंतीच्या परवानाधारक कंपनीचे खाते भरता येते. व्यापारी माणूस खुलीच घेणार, आणि ते योग्यच आहे. पण विकणारा एक गोष्ट सांगत नाही. बांधलेली डबी रीसेट केली तर ती कंपनीच्या सर्व्हरवरून आपली सेटिंग पुन्हा ओढून घेते. खुल्या डबीच्या मागे असा वाली कोणी नाही. सर्व्हरचा पत्ता, खाते, पासवर्ड सारे साफ होते.

दोन वर्षांपूर्वी रमजानच्या अखेरच्या आठवड्यात माझ्या फोनवर समोरच्याचा आवाज येईना. बोलावलेल्या कारागिराने काही न विचारता रीसेट केले. ज्या मुलाने सेटिंग भरली होती तो गाव सोडून गेलेला. पाच दिवस पाटीवरचा नंबर मुका राहिला. देवरीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला वाटले, दुकानच बंद झाले. त्याने ईदचा माल दुसरीकडून उचलला. कारागिराला मी खूप बोललो, पण खरे तर चूक माझीच जास्त होती. वीस रुपयांची उधारी लिहिणारा मी, हे मात्र लिहिले नव्हते.

लिंकसिसचा पीएपी२टी हा जुना अडॅप्टर अजून काहींकडे आहे. त्याच्या फोनवर चार वेळा तारा दाबून ११०# दाबले की डबी आपला पत्ता बोलून सांगते. तो पत्ता संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाकावा, अ‍ॅडमिनमधून अ‍ॅडव्हान्स्ड पान उघडावे आणि ते पान जसेच्या तसे सेव्ह करून छापून घ्यावे. त्यात पासवर्ड उमटत नाही, तो हाताने लिहावा. डायल प्लॅनची ओळही पाहून घ्या. कारखान्यातून येणारी ओळ अमेरिकेच्या नंबरांच्या हिशोबाची असते. आपला दहा आकडी मोबाईल नंबर तिथे अडखळतो. एवढे झाल्यावरच तारांनंतर ७३७३८# दाबावे. मग १ दाबला की सारे पुसले जाते. म्हणून घाई नको.

सूरह बकराच्या २८२व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. तो कर्जाबद्दल आहे, डबीबद्दल नाही, हे मलाही कळते. पण लिहिण्याची जी सवय आपल्या बुजुर्गांनी बहीत ठेवली, ती यंत्रापाशी आल्यावर आपण का सोडतो? कारागिराच्या डोक्यात राहिलेली सेटिंग ही आपली अमानत आहे. मजुरी देतानाच तिचा कागद मागून घ्यावा. काही बांधव म्हणतात, पासवर्ड लिहिणे धोक्याचे. मग नोटा गल्ल्यात ठेवतोच ना! कागद तिजोरीत ठेवा, भिंतीवर चिकटवू नका.

फायबरवाल्या फोनच्या डब्यातही आवाजाची सेटिंग आतच असते. मागच्या छिद्रात टाचणी घालण्याआधी लाइनमनला फोन करा.