केळीवर कर नाही, मग परतावा कशाचा?

उद्योगाला सरकारी सवलत जाहीर झाली की आपल्याकडे लगेच बोलणे सुरू होते, चला, आता रावेरला कारखाना येणार! पण ही सवलत मोजतात कशी, ते एकदा बघा.

मागास भागात उद्योग जावेत म्हणून महाराष्ट्राने १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. २०१९ च्या योजनेत मोठ्या परताव्याचा हिशेब राज्याच्या जीएसटीवर होता, तोही राज्यातच विकलेल्या मालापुरता. आता आपला माल घ्या. ताज्या केळीवर जीएसटीच नाही. घड उतरवून, फण्या धुऊन खोक्यांत भरणाऱ्या पॅक हाऊसने कर भरलाच नाही, तर सरकार परत काय करणार? वेफर्सवर कर आहे खरा. पण तेच वेफर्स दिल्लीला किंवा शेजारच्या बऱ्हाणपुरात विकले, की आंतरराज्य विक्रीचा जीएसटी लागतो आणि हा परतावा बुडतो. व्याज, वीज यांत काही दिलासा होता, नाही असे नाही. पण आपण पडलो सीमेवर, गिऱ्हाईक सगळे उत्तरेत. आणि सवलतीचे तोंड मुंबई-पुण्याच्या बाजाराकडे!

याउलट २०२० मध्ये सुरू झालेली किसान रेल आठवा. फळांच्या भाड्यात निम्मी सूट होती, ती थेट मालावर. सावदा-रावेरची केळी तिने दिल्लीला गेली. मार्च २०२२ अखेर ती सूट बंद झाली. २०२१ मध्ये तांदलवाडीची जीआय मानांकित २२ टन केळी दुबईला गेली, तीही कारखान्याच्या नव्हे, बागेच्या आणि पॅकिंगच्या जोरावर.

पॅकिंगसाठी २०२० च्या कृषी पायाभूत सुविधा निधीत दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला सात वर्षे तीन टक्के व्याजसवलत ठेवली होती. वेफर्स-पावडरवाल्यांना केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख अनुदान. तिथे जळगाव जिल्ह्याचे उत्पादन केळीच धरले आहे. या दोन्हींना जीएसटीचा अडसर नाही. मुदत आणि चालू आदेश मात्र तालुका कृषी कार्यालयात विचारूनच बँकेची पायरी चढा.

आणि मंत्री गावात आले की नुसती एमआयडीसी मागू नका. परतावा भरलेल्या करावर नको, पॅक केलेल्या टनावर मोजा, असा ग्रामसभेचा ठराव हातात द्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी त्याची एक प्रत जिल्हा उद्योग केंद्राला पाठवून पोच घ्यावी.