ज्ञानाची अखेरची मजल

राज्य सुरक्षित आहे की नाही याचा निवाडा करताना त्याची सरहद्द, फौज आणि खजिना एवढ्याच गोष्टी पाहण्याची राज्यकर्त्यांची जुनी रीत आहे. परंतु ज्या प्रजेच्या नावाने ही सारी सिद्धता करावयाची ती प्रजाच अन्नाला, शुद्ध पाण्याला आणि निरोगी आयुष्याला मुकत असेल, तर सरहद्द अभंग राहूनही सुरक्षितता कोणाची साधली, हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या १९९४ च्या मानव विकास अहवालाने जगापुढे मांडला. त्या अहवालामागील प्रमुख विचारवंत पाकिस्तानचे अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक हे होते. आणि पुढे २००३ मध्ये याच विषयावरील आयोगाने आपले निष्कर्ष सादर केले तेव्हा त्याचे अध्यक्षपद जपानच्या सादाको ओगाता आणि आपले अमर्त्य सेन यांनी संयुक्तपणे भूषविले होते. मानवी सुरक्षेच्या विचाराची जडणघडण अशी बव्हंशी आशियाई बुद्धीने केली, यात नवल नाही. कारण पूर, वादळ, अवर्षण आणि दूषित पाणी यांच्या सावटाखाली जेवढी माणसे या खंडात राहतात तेवढी अन्यत्र कोठेही राहत नाहीत.

तेव्हापासून आशियातील पर्यावरणाचे आघात आणि त्यांपासून माणसाचे रक्षण या विषयावर विद्यापीठांतून विपुल अध्ययन झाले आहे व होत आहे. त्या श्रमांविषयी आदर बाळगूनच एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. संकटाचे ज्ञान विद्वानांना झाले, परंतु ते ज्यांच्या जिवावर बेतले आहे त्यांच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचले नाही, तर त्या ज्ञानाने कोणालाही अभय मिळत नाही. म्हणून ज्ञान पोहोचविण्याचे कार्य हे संशोधनाचेच अविभाज्य अंग मानले पाहिजे, आणि त्याची तजवीज संशोधनाच्या आरंभीच झाली पाहिजे. बंगालच्या त्रिभुज प्रदेशाचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास या विधानाच्या दोन्ही बाजूंची साक्ष देतो.

तळी आणि नद्या यांचे गढूळ पाणी पिऊन पटकी व अतिसाराने बालके दगावत, म्हणून १९७० नंतरच्या दशकात बांगलादेशाच्या सरकारने युनिसेफच्या साहाय्याने गावोगाव उथळ कूपनलिका खोदण्याची मोहीम हाती घेतली. हेतू निर्मळ होता आणि लोकांनीही ती योजना आपलीशी केली. सरकारी कूपनलिकांहून कितीतरी अधिक कूपनलिका कुटुंबांनी पदरमोड करून आपल्या अंगणात बसविल्या. परंतु गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांनी हिमालयातून सहस्रावधी वर्षे वाहून आणलेल्या गाळात लोहाच्या कणांना चिकटून आर्सेनिक, म्हणजे आपल्या वैद्यांच्या परिचयाचा सोमल, आलेला होता. त्या गाळात गाडलेले सेंद्रिय द्रव्य जिवाणूंकडून कुजत असता प्राणवायू संपुष्टात येतो, लोहाची संयुगे विरघळू लागतात आणि त्यांनी धरून ठेवलेले विष भूजलात मुक्त होते. या पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. ते वर्षानुवर्षे पोटात गेल्यावर त्वचेवर काळे-पांढरे डाग उमटतात, तळहात व तळपाय खरखरीत होऊन त्यांवर गाठी येतात, आणि पुढे त्वचा, मूत्राशय व फुप्फुस यांच्या कर्करोगाची भीती उत्पन्न होते. रोग सांसर्गिक नाही हे लोकांना ठाऊक नसल्याने बाधित स्त्रियांना नवऱ्यांनी टाकल्याची आणि मुलांना शाळेतून दूर ठेवल्याची उदाहरणे घडली. विषाने शरीराबरोबर संसारही मोडले.

आता ज्ञानाचा प्रवास पाहावा. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधील रुग्णांमध्ये हा विकार १९८३ मध्ये ओळखला, आणि १९८७ पर्यंत सीमेपलीकडून आलेले रुग्णही आढळले होते. जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती यांनी या विषयाला आपले आयुष्य वाहिले. तरीही बांगलादेशातील पाण्यात आर्सेनिक असल्याचे तेथील सरकारी खात्याने निश्चित केले ते १९९३ मध्ये, चापाई नवाबगंज जिल्ह्यात. भूगर्भातील एकच गाळ, एकच पाणी, एकच बंगाली भाषा. असे असता हे ज्ञान सरहद्द ओलांडून सरकारी दप्तरात रुजू होण्यास दहा वर्षे लागली, आणि त्या दहा वर्षांत नव्या कूपनलिका खोदण्याचे काम चालूच राहिले.

याच सुमारास, १९९२ मध्ये, ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने बांगलादेशातील भूजलाच्या गुणधर्मांचा एक अहवाल दिला. त्यात अनेक घटकांची तपासणी होती, आर्सेनिकची मात्र नव्हती. बाधित गावकऱ्यांच्या वतीने इंग्लंडच्या न्यायालयात फिर्याद दाखल झाली, ती हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली, आणि २००६ मध्ये फिर्यादीच्या विरुद्ध निकाल लागला. बांगलादेशाच्या पाणीपुरवठ्यावर त्या संस्थेचा ताबा नव्हता, म्हणून पाणी पिणाऱ्या गावकऱ्याप्रति तिचे कायदेशीर उत्तरदायित्व सिद्ध होत नाही, असा त्याचा आशय होता. कायद्याच्या दृष्टीने तो निकाल शिरोधार्य मानावा लागेल. परंतु जे कायद्याने बंधनकारक नाही ते धर्माने, नीतीने आणि विद्येच्या प्रतिष्ठेने बंधनकारक असू शकते; आणि ज्या मुलखाच्या पाण्यावर आपण लेखणी चालवितो तेथील माणूस आपल्या अहवालाचा अंतिम धनी आहे, ही जाणीव संशोधकाने आपण होऊन स्वीकारली पाहिजे.

संकटाचा विस्तार पाहिला म्हणजे हा आग्रह अतिरेकी वाटणार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे ॲलन स्मिथ आणि त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत, बांगलादेशाच्या त्या वेळच्या साडेबारा कोटी लोकसंख्येपैकी साडेतीन ते पावणेआठ कोटी लोक धोक्याच्या छायेत असल्याचा अंदाज दिला आणि एखाद्या लोकसमूहाला झालेली ही इतिहासातील सर्वांत मोठी विषबाधा असल्याचे म्हटले. त्यानंतर सरकारने सुमारे ५० लक्ष कूपनलिका तपासल्या आणि देशाची मर्यादा, म्हणजे लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम, ओलांडणाऱ्या सुमारे १४ लक्ष कूपनलिकांची तोंडे तांबडी व उरलेल्यांची हिरवी रंगविली. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मात्र १० मायक्रोग्रॅमची आहे, हे येथे ध्यानात ठेवावे. कारण ढाक्याजवळील आडाइहजार येथे हबीबुल अहसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १२ हजार स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षे पाहणी करून २०१० मध्ये असे दाखविले की, त्या समूहातील पाच मृत्यूंपैकी सुमारे एकाचा संबंध या १० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिकच्या पाण्याशी जोडता येतो.

याच आडाइहजारची दुसरी गोष्ट अधिक बोधप्रद आहे. पर्याय हाती नसता लोकांना भय का दाखवावे, असा आक्षेप शहाणी माणसेही घेतात. परंतु दूषित कूपनलिकेपासून हाकेच्या अंतरावर पुष्कळदा निर्दोष कूपनलिका असते, असे तेथील संशोधकांना आढळले. आणि आपल्या पाण्याचा निकाल ज्यांना घरी जाऊन समजावून सांगण्यात आला अशा बाधित कूपनलिका वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी पाण्याची जागा बदलली. नेमके ज्ञान मिळाले तर निरक्षर माणूसही विवेकाने वागतो, याहून वेगळे प्रमाण कशाला हवे? पुढे मात्र तपासणीचा उत्साह ओसरला, रंग उडाले आणि नव्या कूपनलिका न तपासता वापरात आल्या. विषमुक्त पाणी देणाऱ्या खोल सरकारी कूपनलिका गरजेपेक्षा वशिल्यावर वाटल्या गेल्याचे आणि सुमारे २ कोटी लोक अद्याप दूषित पाणी पीत असल्याचे ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेला २०१६ मध्ये नमूद करावे लागले.

त्याच देशाने दुसऱ्या एका संकटात याच्या नेमके उलट घडवून दाखविले आहे. १९७० च्या नोव्हेंबरातील भोला चक्रीवादळात किमान तीन लक्ष माणसे प्राणास मुकली. त्यानंतर रेड क्रॉस आणि सरकार यांनी मिळून किनाऱ्यावरील गावांत स्वयंसेवकांची फळी उभी केली. हवामानखात्याचा इशारा आला की हे स्वयंसेवक संकेताची निशाणे उभारतात, भोंगा घेऊन वाडीवस्तीत फिरतात आणि वृद्धांना व मुलांना निवाऱ्यात नेतात. १९९१ च्या वादळात निवारे अपुरे पडून सुमारे १ लक्ष ३८ हजार लोक मेले, तेव्हा निवारे वाढविण्यात आले. आणि २००७ मध्ये तशाच प्रचंड वेगाने आलेल्या सिद्र वादळातील मृतांचा सरकारी आकडा साडेतीन हजारांच्या आत राहिला. पुढच्याच वर्षी शेजारच्या म्यानमारमध्ये नर्गिस वादळाने सुमारे १ लक्ष ३८ हजार माणसे मृत वा बेपत्ता केली. भारतीय हवामानखात्याने त्या देशाच्या अधिकाऱ्यांना ४८ तास अगोदर सूचना दिली होती. परंतु इरावतीच्या मुखाशी राहणाऱ्या कोळ्या-शेतकऱ्यांपर्यंत ती वेळेवर नेणारी व्यवस्था लष्करी राजवटीने उभीच केली नव्हती. समुद्र तोच आणि वादळाचे शास्त्रही तेच असता एका किनाऱ्यावर माणसे वाचली आणि दुसऱ्यावर बुडाली, याचे मोठे कारण या शेवटच्या दुव्याच्या असण्या-नसण्यात आहे.

यावरून कर्तव्ये स्पष्ट होतात. संशोधनासाठी अनुदान मंजूर करताना निष्कर्ष लोकांच्या भाषेत, त्यांच्या गावी जाऊन सांगण्याचा खर्च त्यात धरलेला असावा. एकदा केलेली तपासणी ठरावीक मुदतीने पुन्हा करण्याची जबाबदारी कोणत्या खात्याची, हे हुकमाने निश्चित व्हावे. नदी आणि भूजल यांची माहिती गुप्त दप्तरात न ठेवता शेजारी राष्ट्रांनी परस्परांना द्यावी. आणि विद्यापीठांनी प्राध्यापकाची योग्यता ठरविताना प्रसिद्ध झालेल्या निबंधांच्या संख्येबरोबर, त्याच्या संशोधनाने किती घरांचे पाणी बदलले, याचीही नोंद घ्यावी.

हा केवळ परमुलखाचा प्रश्न आहे असे महाराष्ट्राने मानू नये. १९७२ च्या दुष्काळानंतर आपणही खडक फोडून गावोगाव कूपनलिका घेतल्या, आणि यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांत त्यांतून फ्लोराइडयुक्त पाणी येते, ज्याने मुलांचे दात पिवळे पडतात आणि मोठ्यांची हाडे जखडतात, हे सरकारी पाहण्यांत नोंदलेले आहे. ती नोंद हातपंपाशी घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईपर्यंत गेली आहे काय, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. तेव्हा वाचकांनी आपल्या गावच्या पाण्याचा तपासणी-दाखला ग्रामपंचायतीकडे मागावा, तो मराठीत चावडीवर लावण्याचा आग्रह धरावा, आणि तो नसेल तर ग्रामसभेत तपासणीचा ठराव मांडावा.