मावळातला पावसाळा आणि घरचा करारनामा

मृग बरसला, आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांतली खाचरे भरली आणि इंद्रायणी भाताच्या लावणीसाठी घरातली कर्ती माणसे सकाळीच चिखलात उतरली, म्हणजे तालुक्यातील शिक्षकांपुढे दरसाल एकच तक्रार निरनिराळ्या मुखांनी मांडली जाते: मुलगा मोबाईल सोडीत नाही, आणि हिसकावून घेतला तर जेवत नाही, बोलत नाही, प्रसंगी अंगावर धावून येतो. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. शाळेचे मैदान, गावचा पार, ओढ्याचा काठ ही मुलांची सारी वहिवाटीची ठिकाणे या मुदतीत बंद होतात, आणि नेमके त्याच मुदतीत घरही मोठ्या माणसांवाचून ओस असते. या दोन गोष्टी ध्यानात न घेता पालकांस दिलेला सल्ला कितीही शास्त्रशुद्ध असला, तरी तो घरात अंमलात येत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२१ सालच्या मार्गदर्शक सूचनांत दोन वर्षांखालील बालकास पडदा दाखवू नये, दोन ते पाच वर्षांच्या मुलास दिवसाकाठी १ तासाहून अधिक दाखवू नये आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलाचा वेळ २ तासांच्या आत ठेवावा, असे प्रमाण सांगितले आहे. ते योग्यच आहे. परंतु पालकसभेत हे आकडे वाचून दाखविले आणि वर ‘आठवडाभर बंद, रविवारी मोकळीक’ अशी पुस्ती जोडली, की आपले कर्तव्य संपले असे मानण्याचा जो शिरस्ता पडला आहे, तो मोडला पाहिजे. लोणावळ्यातील ज्या कुटुंबाची उपजीविका चिक्कीच्या दुकानावर, बंगल्यांच्या देखभालीवर वा पर्यटकांच्या रिक्षाभाड्यावर चालते, त्या कुटुंबात शनिवार-रविवार हेच दोन दिवस आईबापांना क्षणाची उसंत नसते; तळेगावच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपतो, आणि त्याची झोपमोड होऊ नये म्हणून आईच मुलाच्या हाती मोबाईल देऊन त्याला गप्प बसविते. अशा घरात मोबाईल हा घरच्याच सोयीसाठी आणि घरच्याच हाताने मुलाकडे गेलेला असतो. म्हणून समुपदेशकाने वा शिक्षकाने पहिला प्रश्न मुलाच्या तासांविषयी न विचारता घराच्या दिनक्रमाविषयी विचारावा: कोण केव्हा घरी असते, आणि मोबाईल कोणत्या वेळी, कोणाच्या हातून मुलाकडे जातो.

दुसरी गोष्ट मोबाईलवरच्या खेळांच्या रचनेची, आणि आपल्या व्यवसायातील अनेकांनी हे खेळ कधी हाती धरलेले नसल्यामुळे ती नजरेआड राहते. फ्री फायरचा एक डाव साधारणतः दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो, बॅटलग्राउंड्सचा मोठा डाव अर्ध्या तासापर्यंत लांबतो; डावात आणखी तीन गडी असतात, त्यांचे आवाज कानात येत असतात, आणि मध्येच उठून जाणाऱ्याचे गुण तर जातातच, शिवाय दुसऱ्या दिवशी शाळेत त्याला त्या तिघांचा रोषही सोसावा लागतो. घड्याळाचा काटा पाहून ‘आत्ताच्या आत्ता ठेव’ असे फर्मावणारी आई नकळत नेमका डावाच्या मधलाच क्षण निवडते, आणि घरातली बहुतेक भांडणे याच क्षणी पेटतात. मुदत मिनिटांत न बांधता डावांत बांधावी, आणि दुसरा डाव सुरू होण्यापूर्वीच आठवण द्यावी. एवढ्या साध्या तजविजीने कलह किती निवळतो, हे ज्यांनी करून पाहिले आहे त्यांस सांगावयास नको.

सरकारी हुकुमांवर विसंबून राहण्यात अर्थ नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, तेव्हा मुले फ्री फायरकडे वळली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तोही बंद झाला, तरी त्याची मॅक्स आवृत्ती चालूच राहिली. दक्षिण कोरियाने २०११ साली मध्यरात्रीनंतर मुलांस खेळ बंद करणारा कायदा केला आणि दहा वर्षांनी तो स्वतःच मागे घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तिचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. तथापि खेळातील पोशाख आणि शस्त्रांची सजावट यांची खरेदी त्या बंदीच्या कक्षेत येत नाही, आणि वडिलांचा यूपीआयचा पिन मुलास ठाऊक असलेली घरे थोडी नाहीत.

याउलट, सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून जे केले, ते अधिक विचारार्ह आहे. रोज सायंकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत दूरदर्शन संच व मोबाईल बाजूला ठेवले जाऊ लागले, हे वृत्त सर्वांनी वाचले. पण आमच्या मते त्यातील मर्म असे, की हा नियम मुलांइतकाच मोठ्यांवरही लागू होता, आणि तो घरोघरी समजावून सांगण्यासाठी आशासेविका, अंगणवाडीसेविका व निवृत्त शिक्षक फिरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील बांसी गावच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांस मोबाईलबंदीचा ठराव केला. हेतू उभयतांचा निर्मळ. पण ज्या बंदीत मोठ्यांच्या हातचा मोबाईल जसाच्या तसा राहतो, ती मुलास न्याय्य वाटणे कठीण. मावळच्या अनेक गावांत तिन्हीसांजेला हरिपाठाची परंपरा आजही नांदती आहे. तीच वेळ धरून असा दीड तास ठरविणे येथे अवघड जाऊ नये.

प्रत्येक खेळवेड्या मुलाला व्यसनी ठरविण्याची घाई मात्र कोणी करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आय.सी.डी.-११ या वर्गीकरणात खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळ वरचढ होणे आणि हानी दिसत असूनही तो चालू राहणे ही लक्षणे सांगितली असून, निदानासाठी ती सामान्यतः किमान बारा महिने असावी लागतात. तशी लक्षणे दिसल्यास तज्ज्ञाकडे पाठवावे. येरवड्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र जवळ आहे, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक शाळेच्या फलकावर असावा. मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागले, तर महिन्यांचा हिशेब न करता त्याच दिवशी डॉक्टरांस गाठावे आणि तोवर त्याला एकटे सोडू नये.

येत्या जूनमध्ये शाळा उघडताच होणाऱ्या पहिल्या पालकसभेत प्रत्येक घराचा एक छोटा करारनामा लिहून घ्यावा, अशी आमची सूचना आहे. त्याचे पहिले कलम आईवडिलांच्या मोबाईलचे असावे. डावांची संख्या मुलाला विचारून ठरवावी. रात्री सर्व मोबाईल झोपण्याच्या खोलीबाहेर कोठे राहतील, हे लिहावे. आणि पावसात कोंडलेल्या मुलासोबत कॅरम वा बुद्धिबळ खेळावयास आजोबा, आत्या, शेजारी यांपैकी कोण बसेल, त्या माणसाचे नाव घालावे, कारण हे कलम रिकामे राहिले तर बाकीची टिकत नाहीत. दिवाळीच्या आगेमागे भातकापणी सुरू होते आणि घराचा दिनक्रम पुन्हा बदलतो. त्या सुमारास हा करार परत काढून नव्याने लिहावा.