विंचूर ते समुद्र

इटलीतल्या मिलान–सान रेमो या सायकल शर्यतीचा नकाशा पाहिला की मला नाशिक जिल्ह्यातलं विंचूर आठवतं. 1907 साली सुरू झालेली ही शर्यत पो नदीच्या सपाट खोऱ्यातून निघते, तुर्किनो खिंड ओलांडते आणि लिगुरियाच्या किनाऱ्यावर उतरते. डोंगर तिथे थेट समुद्रात घुसलेले, त्यामुळे रस्ता जुन्या गावांना वळसे घालत सतत वरखाली होतो. निकाल बहुतेकदा लागतो तो शेवटच्या पोज्जो चढावर. लांबी जेमतेम पावणेचार किलोमीटर, पण जवळपास तीनशे किलोमीटर तुडवून आलेल्या पायांना तोच पर्वत. विंचूरहून पश्चिमेला निघा, घडण तीच! गोदाकाठची काळी, सपाट जमीन, कांदा आणि द्राक्षं, मग नाशिक, त्र्यंबक, सह्याद्रीची धार, मुकणे राजांचं जव्हार आणि शेवटी डहाणूचा समुद्र. रस्त्याला जुन्या वस्तीची कमतरता नाही. विंचूर स्वतःच पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचं गाव. सायकल चालवणाऱ्या पायांचीही कमतरता नाही: नाशिकच्या महाजन डॉक्टरबंधूंनी 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने पूर्ण केली. उणीव आहे ती सायकलला मोकळी कड ठेवणाऱ्या रस्त्याची. विंचूरजवळच लासलगावचा कांदाबाजार, हंगामात ट्रॅक्टरांची रांग हटत नाही. म्हणून निघायचं तर पहाटेच, आणि पावसाळा सरल्यावर, जव्हारच्या उतारावरचा रस्ता कोरडा असताना.