एक चौकट जास्त ठेवा

पनवेल तालुक्यातील बेलपाडा हे मूळचे लहान गाव. आता त्याच्याभोवती खारघरची मोठी वस्ती वाढली आहे. २०२३ साली बेलपाडा नावाचे मेट्रो स्थानकही सुरू झाले.

समजा, अशा गावात फार पूर्वी कोणी एक नोंदवही केली आणि घर क्रमांकासाठी दोनच चौकटी ठेवल्या. त्यांत ०० ते ९९ असे शंभरच क्रमांक बसतील. घरे दोनशे झाली, तर उरलेल्या शंभर घरांना पत्ता कोठून मिळणार?

जुन्या संगणकांचे असेच झाले. संगणकाच्या स्मृतीतील प्रत्येक जागेला क्रमांक असतो. तो ० आणि १ या दोनच अंकांनी लिहितात. १९८१ साली आलेल्या आय.बी.एम.च्या पीसीमध्ये या क्रमांकासाठी २० चौकटी होत्या. त्यामुळे १०,४८,५७६ जागांनाच, म्हणजे एक मेगाबाइटला, पत्ता मिळे. त्यांपैकी ६४० किलोबाइट जागा 'डॉस' ही कार्यप्रणाली आणि तिच्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्या वाट्याला येई. बाकीची जागा पडदा व इतर भागांसाठी राखलेली होती. काही वर्षांतच ६४० किलोबाइट अपुरे पडू लागले. पुढे ३२ चौकटी आल्या. मर्यादा ४ गिगाबाइट झाली, पण तीही अपुरी ठरली. आज बहुतेक संगणकांत ६४ चौकटींची पद्धत आहे.

काही जण त्या जुन्या अभियंत्यांना हसतात. मला ते योग्य वाटत नाही. त्या काळी स्मृती फार महाग होती आणि अनेक छोट्या संगणकांची मर्यादा ६४ किलोबाइट होती. त्यांच्या दहापट जागा कोणाला कमी वाटेल? खरी अडचण पुढे आली. असंख्य प्रोग्रॅम त्याच मर्यादेत लिहिले गेले, म्हणून ती बदलणे कठीण झाले.

मुलांनो, यातून दोन गोष्टी शिकाव्यात असे मला वाटते. पहिली, जुन्या संगणकावर खर्च करण्यापूर्वी त्याची मर्यादा विचारावी. विंडोजच्या ३२ चौकटींच्या घरगुती आवृत्तीत ८ गिगाबाइटची स्मृती बसवली, तरी ४ गिगाबाइटच्या पलीकडची जागा वापरता येत नाही. पैसे फुकट जातात. मात्र पत्रे लिहायला आणि हिशेब करायला तो संगणक चालत असेल, तर तो टाकूनही देऊ नये.

दुसरी गोष्ट, उद्या तुम्ही एखादी नोंदवही किंवा प्रोग्रॅम तयार कराल, तेव्हा आजच्या गरजेपेक्षा एक चौकट जास्त ठेवा. तुमच्यानंतर येणाऱ्यांना तिचा उपयोग होईल.